तुझ्या बहिणीच्या कळा

सुराबाया

बागास,

माझ्या ओटीपोटात कळा यायच्या. एका डॉक्टरनं अपेंडिक्स काढलं, दुसऱ्यानं इन्फेक्शन सांगितलं, तिसरा म्हणाला, "मनाचे खेळ." तू तेवढंच धरून बसलास आणि मला सोडलंस. पुढे ऑपरेशनमध्ये कळलं, गर्भाशयाचं अस्तर आतड्याला चिकटून वाढलं होतं.

आज तुझी आई लारासला घेऊन आली. तुझी बहीण माझ्यासारखीच पोट धरून वाकली होती.

"रेत्नो, तुझं ऑपरेशन कुणी केलं गं?"

"आधी तुमच्या लेकाला विचारा. त्याला सगळं कळतं."

तिनं माझ्यासमोरच तुला फोन लावला. तू ओरडलास, "विचारतेस काय? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने तिला!"

मी मोठ्यानं हसले. तुझ्या आईची मान खाली गेली.

उद्या लारासला मीच नेणार आहे. वाटेत तिला सांगेन, तू मला काय काय म्हणायचास. हे पत्र पोस्टात टाकत नाही. जाब तीच विचारेल.

आता तुझी कुणीही नसलेली,
रेत्नो