जावयाला मी चौदा वेळा का मारलं

आदरणीय व्याहीबुवांना,

सुनेच्या बापाचा मनापासून नमस्कार. गेम फुकट होता. खरा खर्च असा झाला : एक फिरती खुर्ची (माझ्या पाठीसकट), एक चष्मा, सहा रविवारांची दुपारची झोप आणि तुमचा मुलगा. पहिल्या तिन्हींचं मी बघून घेतो, चौथ्यासाठी हे पत्र. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि माझी गोष्ट तुमच्या आधी शेजाऱ्यांना पाठ होते. (राग नसावा.)

तर मुद्दा असा. लग्नाला दोन वर्षं झाली, पण जावईबापू माझ्याशी तीनच शब्द बोलायचे : हो, बरं आणि चालेल. दातांच्या डॉक्टरला समोरचं तोंड उघडं पण मुकं असण्याची सवय, हे मी समजू शकतो. पण मी पडलो मोटारी दुरुस्त करणारा. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर एक पाना घेऊन बसलो, तिथून सात माणसांच्या वर्कशॉपपर्यंत आलो तो केवळ कानांच्या जोरावर. रस्त्यापलीकडे पंप चालू असला तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते मी इथून सांगतो. चौतीस वर्षांत हा कान एकदाही चुकलेला नाही. अशा कानाला गप्प जावई म्हणजे उपासमार. शेवटी मुलगी म्हणाली, बाबा, ते बोलतात, तुम्हीच चुकीच्या ठिकाणी बसता. रविवारी दुपारी ते आपल्या डॉक्टर मित्रांबरोबर इंटरनेटवर बंदुकीचा गेम खेळतात आणि तिथे त्यांचं तोंड बंद म्हणून नसतं. पाच जणांच्या टीममध्ये एक जागा रिकामी होती (हिरड्यांच्या डॉक्टरांना नुकतंच बाळ झालं होतं). मुलीने वर्कशॉपच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेम घालून दिला, हेडफोन हातात दिला आणि तिच्या आईला सांगितलं की आता रविवारी दुपारी बाबांची वाट बघू नकोस.

या प्रकाराला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, खाली फक्त दोन हात आणि एक बंदूक दिसते. एका हाताने चार बटणं दाबून चालायचं, दुसऱ्या हाताने माउस सरकवून बघायचं. (पहिली पंधरा मिनिटं मी आकाश बघत चाललो. आकाश छान काढलंय.) मेलात तर दहा सेकंदांत परत उभे, कपड्यांना चुणीसुद्धा नाही. आता नावावरून मी आपला साधा अर्थ लावला, की पहिला जो माणूस दिसेल त्याला गोळी घालायची. डाव सुरू होताना आपलीच माणसं समोर उभी असतात आणि त्यांत सगळ्यात पुढे तुमचा मुलगा. पहिल्या रविवारी मी त्यांना चौदा वेळा मारलं. (दरवेळी पाठीत. त्यात वैयक्तिक काही नव्हतं.) पण व्याहीबुवा, काय बोलले ते. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं मी एका दुपारी ऐकलं. चौदाव्या वेळी तर ते मला ‘अहो बाबा’ म्हणाले. तोवर ते मला काहीच म्हणत नसत.

घरी आल्यावर बायकोने माझी समजूत काढली. (तिने तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलंय.) प्रथम पुरुष म्हणजे मी, द्वितीय म्हणजे तू, तृतीय म्हणजे तो. सगळं ‘मी’च्या डोळ्यांनी दिसतं म्हणून फर्स्ट पर्सन. मग व्याकरणाप्रमाणे मी मलाच मारायला हवं होतं, असं म्हटल्यावर ती उठून आत गेली. पुढच्या रविवारी हातबॉम्ब माझ्याच पायाशी पडला आणि तेही साधलं.

तिसऱ्या रविवारी गेममधल्या एका पडक्या कारखान्यात जनरेटर चालू होता. पट्टा सैल असल्याचं आवाजावरून कळत होतं. मी वाकून बघायला गेलो तेवढ्यात कोणीतरी मागून मला उडवलं. जावईबापू खो खो हसले, आणि सोमवारी त्यांनी आपणहून फोन केला, की क्लिनिकमधला कॉम्प्रेसर घरघरतोय. मी फोनवरच ऐकला आणि व्हॉल्व्ह सांगितला. निघाला तोच. त्यानंतर दर सोमवारी फोन.

यानंतर पावलं ऐकून सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथे घात झाला. मी म्हणायचो, उजवीकडे दोघं आहेत, एक वजनाने जड आहे. तुमचा मुलगा उजवीकडे वळायचा आणि गोळ्या डावीकडून खायचा. परवा सहाव्यांदा तसं झाल्यावर मी वडीलकीच्या नात्याने म्हणालो, जावईबापू, दाढ काढताना डावी की उजवी ते दुसऱ्या कोणाला तरी विचारत जा. माइकवर बोललेलं फक्त त्यांनाच नाही, सगळ्या टीमला ऐकू जातं हे मला ठाऊक नव्हतं. दातांचे तीन डॉक्टर हसायला लागले, त्यांतला एक अजून हसतोय. ते आता तुमच्या मुलाला ‘डावी दाढ’ म्हणतात. जावईबापू एवढंच बोलले, ‘चालेल.’ या सोमवारी फोन आला नाही.

लहानपणी ते चपला उलट्या घालायचे का, हे तुम्हीच सांगू शकाल. तसं असल्यास लपवू नका, घरात काही लपून राहत नाही.

गुडघ्याला जपा. विहीणबाईंना नमस्कार सांगा.

तुमचा व्याही,
(गेममधलं नाव : मोटारवाला)

ता. क. – या रविवारी स्पर्धा आहे आणि हिरड्यांचे डॉक्टर माझ्या जागेवर परत येताहेत असं कानावर आलंय. बाळ जेमतेम दोन महिन्यांचं. बापाने घरी थांबावं, हे तुमच्या तोंडून शोभेल. स्पर्धा कोणीही जिंको, मला सोमवारचा फोन हवा आहे.

आणखी एक ता. क. – चपलांबद्दल लिहिलंय ते वाचू नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बायको ऑफिसात आली आणि टेबल पुसताना तिने हेडफोन उचलून पाहिला. त्याच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं असतात, एकीकडे आर, एकीकडे एल. सहाही रविवार आर माझ्या डाव्या कानावर होता.