तुझ्या नवऱ्याची वाईन

प्रिय ठमे,

तुझा निरोप मिळाला. मी तुझ्या नवऱ्याला माफीचं पत्र लिहावं, नाहीतर तो तुला सुखाने जगू देणार नाही, असं तू बुचं पुरवणाऱ्या बाईंकडून कळवलंस. हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय. माफीबिफी यात शोधू नकोस, मिळणार नाही. त्याच्या बाटल्या भले मंत्र्यांच्या टेबलावर जात असतील, पण मी त्याच्यापुढे नाक घासावं एवढा तो मोठा झालेला नाही. काळजी आहे ती तुझी. तू त्या घरात आहेस आणि मी इथे, म्हणून हात शिवशिवत असतानाही जमेल तेवढ्या शांतपणे लिहितेय.

आईला वाटतं मी मुद्दाम खोड काढली. अगं, वाईन चाखण्यावर माझं पोट आहे, आणि आमचे जावईबापू म्हणजे या धंद्यातलं दैवत. त्याच्या तळघरातल्या त्या लांब टेबलाशी बसले तेव्हा मलाही धडधडत होतं. पहिली चाखली, काही नाही. दुसरी चाखली, काही नाही. रंग सुरेख, आंबटपणा जागच्या जागी, दोष काढायला जागा नाही, आणि तरी आत काही हललं म्हणून नाही. डोळ्यांत न बघता कुणी हात मिळवावा, तसं. शेजारचे वाईनच्या मासिकांचे दोन संपादक डोळे मिटून डुलत होते. तिसरी ओतून झाली, मी ती ओठाला लावायच्या आधीच त्याने मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, की तुमच्या वाईनने मला काहीच झालं नाही. वाईट म्हणाले असते तर तो वाद घालत बसला असता. काहीच झालं नाही, हे मात्र त्याला झोंबलं.

पुढचं तू पाहिलंस, पण मान खाली घालून पाहिलंस, म्हणून सांगते. त्याने बाटली टेबलाच्या कडेवर फोडली. ओरडला नाही, चेहरासुद्धा लाल झाला नाही, मेल्याचा. सावकाश माझ्यामागे आला, केस मुठीत धरले आणि माझं तोंड जमिनीवरच्या थुंकायच्या बादलीत कोंबलं. सगळ्यांनी चाखून थुंकलेली वाईन माझ्या नाकातोंडात गेली. मानेवर त्याचा गुडघा होता. मला श्वास मिळेना, आणि वर कुणीतरी चुळबुळत म्हणत होतं की जाऊ द्या, बाईमाणूस आहे. एकही खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. शेवटी त्याचा अंगठा माझ्या दातांत सापडला. हाडापर्यंत चावले, ठमे. तो किंचाळला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. रक्ताची खारट चव होती. त्या अख्ख्या दिवसात माझ्या जिभेला जाणवलेली ती एकच गोष्ट.

घरी येऊन रक्त धुतलं, मानेला बर्फ लावला, आणि मग वेगळंच आठवत बसले. त्याचा हात उठायच्या आधी, बाटली फुटायच्याही आधी, तू टेबलावरचे पेले उचलून बाजूला ठेवत होतीस. मी तर तोंड उघडून जेमतेम एक वाक्य बोलले होते. असं आधीच कळायला किती सराव लागत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. आणि पेले हलवताना तू माझ्याकडे बघितलंच नाहीस.

तुला आठवतं, बाबा दोनदा चूळ भरून घरात शिरायचे आणि तू दारातच सिगारेटचा ब्रँड सांगायचीस? त्यांनी तुला घाबरून सिगारेट सोडली, डॉक्टरला घाबरून नाही. शिकले मी, चाखण्याच्या परीक्षेचा कागद मला मिळाला, पण आपल्या घरातलं नाक तुझं. लग्नानंतर कुठल्या पिंपातलं कशात किती मिसळायचं हे तू ठरवायचीस, हे मला ठाऊक होतं. त्याला बक्षिसं मिळवून देणाऱ्या त्या सुरुवातीच्या बाटल्या मी चाखल्या होत्या. त्यातल्या एकीने मी भर समारंभात रडले होते. लोकांना वाटलं मला चढली.

तर आता ऐक, हे पत्र कशासाठी ते. पाहुण्यांना ओतण्याआधी ओतणाऱ्याने आपल्या पेल्यात थोडी घेऊन हुंगायची, ही आमची रीत. त्या दिवशी तिसऱ्या बाटलीचं बूच बुरशीचं होतं, म्हणजे आतली वाईन नासलेली. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मला टेबलाच्या त्या टोकाला येत होता. तू पेला नाकाशी नेलास, मान हलवलीस आणि सगळ्यांना ओतलीस. तू, ठमे. मग मी तुझ्या नाकाकडे नीट पाहिलं, हाड मधोमध बसलेलं. जिन्यावरून पडले असं तू आईला गेल्या हिवाळ्यात सांगितलं होतंस. जिना असा मधोमध बुक्की मारत नाही. त्याने तुझं नाक फोडलं आणि त्यासोबत स्वतःची वाईनही मारली, आणि हे त्या गाढवाला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा त्याचा राग कुणावर निघेल, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी काल पोलिसांत तक्रार दिली, माझ्या नावाने, मानेवरच्या वळांचे फोटो लावून. तुझं नाव घातलं नाही, ते तू घालायचंस. द्राक्षतोडीच्या पहिल्या सकाळी तो पत्रकारांपुढे पहिला घड तोडायला मळ्यात असेल. मी मागच्या फाटकाशी गाडी घेऊन उभी राहीन. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले कधीकधी वास परत येतो. नाही आला तरी ये. सामान भरू नकोस, चपला घाल आणि चालत ये.

वाट बघणारी, तुझीच
ताई