मानाची चटई आणि चारदा पिळलेला व्हिडिओ

मी पायपुसणी विणत नाही. हे आधी वाच, ख्यालीखुशाली मग. ऑकलंडात तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये आपल्या फेतुआओच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, आणि तिची सासू सुआलुआ भरल्या पंगतीत म्हणाली की तौआलाईने, म्हणजे मी, नातीच्या लग्नात पायपुसणं दिलं. तू, माझी सख्खी बहीण, तिच्या शेजारी बसून केक खात होतीस.

चि. मातालेनास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघा कसा आहे? खोबरेल चोळतेस की तिकडच्या नळीतलं मलम? इकडे बेटावर मी, डुकरं आणि पाद्रीबाबा ठणठणीत आहोत (पाद्रीबाबांना खोकला आहे, पण त्याने प्रवचन मध्येमध्ये थांबतं, म्हणून कोणी औषध देत नाही).

आता चटईचं. केवड्याची पाती समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून, नखाने दोऱ्याइतकी चिरून मी ती विणली. काठाला माझ्याच ठिपक्यांच्या कोंबड्याची पिसं लाल रंगवून लावली (एका कोपऱ्यात रंग कमी पडला). अंगावर घेतली तर लुगड्यासारखी पडायची. पण मानाची चटई घरात ठेवायला नसते, लग्नात-मयतात देत पुढे जायची असते. सुआलुआच्या माणसांनी ती कोणाच्या तरी मयताला नेली, त्यांनी आणखी कुठे दिली. दाखवायला हातात चटई नाही, उरला तो व्हिडिओ. तो मी पाद्रीबाबांच्या टीव्हीवर पाहिला. माझं तोंड म्हणजे नारळाच्या दुधात विरघळलेला तारोचा कंद. चटई म्हणजे खाकी चौकोन. पिसांच्या जागी विटकरी डाग, तेही थरथरणारे.

मी तुझ्या लाफाएलेला फोन लावला. म्हणाला, मावशी, कॅमेरा चांगला होता. मी म्हटलं, मग चटई काय उंदरांनी खाल्ली? तेव्हा हळूहळू ओकला. त्याने व्हिडिओ तयार करून फोनवरून ब्रिस्बेनला त्याच्या धाकट्या भावाकडे पाठवला. धाकट्याने आपल्या घराचं नाव पहिलं टाकलं, फुलं नि गाणं घातलं आणि पुन्हा एक्स्पोर्ट केला, म्हणजे नवी फाईल काढली. तो गेला सुआलुआच्या घरी. त्यांनी त्याची फुलं काढून आपली फुलं नि आपलं नाव पुढे लावलं, पुन्हा एक्स्पोर्ट. मग लाफाएलेने तोच पिळलेला व्हिडिओ परत आत घेऊन तुमचं नाव सगळ्यांच्या वर चढवलं, आणि पुन्हा तेच. (आपल्या माणसांना नवरी दिसली नाही तरी चालते, नाव दुसऱ्या नंबरावर आलं की जेवण जात नाही.) दरवेळी म्हणे फाईल हलकी व्हावी म्हणून कॉम्प्युटर ती पिळतो आणि थोडं टाकून देतो, फोनने पाठवताना आणखी थोडं. मी विचारलं, काय टाकायचं हे ठरवतो कोण? म्हणाला, जिथे सगळं एकसारखं दिसतं तिथलं बारीकसारीक टाकतो, मावशी. अरे मेल्या, मानाच्या चटईत बारीकसारीक सोडून असतं काय?

वर मलाच सांगतो, शेवटी मी मोठ्यात मोठ्या आकारात काढलाय. आटलेली लुंगी जाड बाईने नेसली म्हणून मोठी होत नाही, फाटते. एकदा गेलेलं परत येत नाही, हे त्यानेच मग कबूल केलं.

शाळा मी पावसात आडोशाला उभं राहण्यापुरती पाहिली, पण विणलेलं उसवून पुन्हा विणलं तर पाती मोडतात एवढं मला कळतं. तेव्हा लाफाएलेला सांग, कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण तुझ्याकडे आहे, त्याला हात लागलेला नाही. कॉम्प्युटरवर पहिल्यांदा जुळवलेलं काम उघड, सगळ्यांची नावं तिथेच बसव आणि शेवटी एकदाच एक्स्पोर्ट कर. धाकट्याला मध्ये पाहिजेच असेल तर न पिळता, जड का होईना, डिस्कवर घालून दे. ब्रिस्बेनला कोणीतरी विमानाने जातंच असतं. भांडत बसायचं तर नावांवरून बसा, माझ्या चटईवर नको. सुआलुआपुढे मी मान खाली घालणार नाही, आणि तूही घालायची नाहीस.

तुझी,
तौआलाई

ता. क. डब्यातलं मांस पाठव. मागचं पाद्रीबाबांनी संपवलं.

ता. क. दुसरा. शनिवारी आपल्या तालिआकाकांचं मयत झालं (तुझी फुलं पोचली). सुआलुआच्या माहेरची माणसं चटया घेऊन आली. सगळ्यांत भारी ती शेवटी उलगडली, आणि त्यांच्या वतीने बोलणारा म्हणाला, ही आमच्या घराण्याची अब्रू, तुमच्या पायाशी ठेवतो. सगळं गाव बघत राहिलं. कोपऱ्यात रंग कमी पडलेली ठिपक्यांची पिसं. माझाच कोंबडा, माझीच चटई. कुठल्या कुठल्या मयतांतून फिरत ती त्यांच्याकडे गेली, देव जाणे. घरातली थोरली म्हणून मी हात जोडले, आभार मानले, आणि आता ती माझ्या गादीखाली आहे. खरं काम हे की लाफाएलेला नाताळला कॅमेरा देऊन पाठव. मी ती उन्हात स्वतः धरते. ते चित्रण व्हिडिओत घालायचं आणि त्याच हॉलमध्ये, त्याच पंगतीला लावायचं.

हे पत्र सुआलुआच्या हातात दे. उत्तर तू लिहायचं नाहीस, लाफाएलेने तर नाहीच. उत्तर तिने लिहायचं, आणि त्यात चटईला चटई म्हणायचं.