गुरुजींच्या कवितेची तिसरी ओळ

६ जानेवारी, सोमवार

फुस्स... आणि मग सूर! सकाळी दात घासताना एकदम आठवला. आधी हवा, मग सूर.

साळवे गुरुजी पाचवीच्या वर्गात यायचे, टेबलावर लाकडी डबा ठेवायचे आणि त्यातून ती सहा बाजूंची पेटी काढायचे. दोन तळहातांत मावेल एवढी. बाजूंना बटणं, मध्ये कागदासारखा घड्या पडलेला भाता. ओढली की आधी नुसती फुसफुसायची, म्हणून आम्ही पोरं तिला फुसफुशी म्हणायचो. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी मायदेशी जाताना ती गुरुजींना दिली होती. पुस्तकातली प्रत्येक कविता गुरुजींनी तिच्यावर बसवलेली. छडी कधी हातात घेतली नाही. हात रिकामे कुठे होते!

पिंकीला सांगितलं. माझी नात, ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "आबा, अ‍ॅकॉर्डियन असेल." म्हटलं, नाही गं, तो धोंडा केवढा! ही चिमुकली. तिने फोनवर दोन मिनिटांत काढून दाखवली. कॉन्सर्टिना म्हणतात!

बासष्ट वर्षांनी नाव कळलं.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस फोनवर कॉन्सर्टिनाचे व्हिडिओ बघण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. काय माणसं आहेत एकेक! कुणी दाढीवाला स्वयंपाकघरात बसून वाजवतो, कुणी पोरगी कुंपणावर बसून. व्हिडिओखाली लोक लिहून गप्पा मारतात, तुमची पेटी किती जुनी, भाता कुणी शिवला. पिंकी वाचून दाखवते.

दुपारी तीनला उद्धवराव आले. ते रोजच येतात. भिंतीला भिंत लागून घर, आणि तेहतीस वर्षं एकाच कंपनीत. मी प्रेस शॉपला, पत्र्याचे भाग ठोकून काढायचो, ते स्टोअरला. लातूरकडचे, बोलणं अजून तिकडचंच. एक व्हिडिओ बघून म्हणाले, "हा तर धुणं पिळायलाय की वो!" मी एवढा हसलो की चहा सांडला.

मग मात्र चार व्हिडिओ गप्प बसून ऐकले, एकात वाजवणाऱ्याच्या पायाशी कुत्रं होतं. जाताना म्हणाले, "उद्या तो कुत्रंवाला परत लावा."

१२ जानेवारी, रविवार

आज विहारातून आल्यावर सापडली. सापडली!

एक म्हातारी बाई. पांढरे केस, मागे शेगडीवर किटली. तिची पेटी फारच लहान, आवाज अगदी बारीक. वाजवायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. ही तर आमची निंबाची कविता!

ओढ्याकाठी निंब जुना,
त्याच्याखाली वाट निजे,
शेंड्यावरती बोले कोणी,
ऐकत सारे रान भिजे.

म्हणजे चाल डॉक्टरीणबाईंची. पेटीबरोबर गुरुजींनी तीही ठेवून घेतलेली. पहिली ओळ तीच, दुसरी तीच. आणि तिसरीला बाई गप्प! बोटं हलतायत, भाता हलतोय, सूर नाही. चौथीला पुन्हा सुरू. अकरा वेळा लावला. अकराही वेळा तेच.

इथे खरं लिहायला हरकत नाही. तिसऱ्या ओळीची चाल मला आठवत नाही. शब्द आहेत, सूर नाहीत. गुरुजी ती ओळ वाजवताना टाचा उचलायचे, पेटी डोक्यापर्यंत न्यायचे, आणि आमची सगळ्यांची मान वर व्हायची. एवढं आठवतं. आवाज पुसलाय. म्हटलं होतं, ही बाई देईल.

१३ जानेवारी, सोमवार

व्हिडिओखाली मराठीत लिहिलं. कळेल न कळेल. "ताई, आपण फार गोड वाजवता. ही आमच्या पाचवीची कविता आहे. पण तिसरी ओळ का गाळलीत? कृपा करून पूर्ण वाजवावी. आपला, साहेबराव, पिंपळे गुरव."

१५ जानेवारी, बुधवार

उत्तर आलं! पिंकीने मराठी करून दिलं. "प्रिय मित्रा, तुमच्या शाळेत ही चाल होती, याचा फार आनंद झाला. पण मी काहीच गाळलेलं नाही."

खाली कुणीतरी हसरं तोंड टाकलंय.

१६ जानेवारी, गुरुवार

फोनच बिघडला असणार. कासारवाडी स्टेशनजवळ प्रज्वलचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, तिकडे गेलो. त्याने ब्रशने साफ केला, गाणं लावलं, कानाशी धरला. "काका, स्पीकर एक नंबर आहे." म्हटलं, हा व्हिडिओ लाव. लावला. म्हटलं, इथे बघ, आवाज जातो. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "नाही जात, काका."

आजकालच्या दुकानदारांना काही कळत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाईट झालं.

उद्धवरावांना दाखवलं. म्हटलं, ऐका, इथे बाई खोटं वाजवते. ते म्हणाले, "कुठं खोटं? ऐकू यायलंय की मला! चिमणीवानी वाजवायलीय." म्हटलं, नाही. ते म्हणाले, हाय. मी नाही, ते हाय. शेवटी म्हणाले, "साहेबराव, कान दाखवा एकदा कुणाला तरी."

माझा कान! प्रेस शॉपला सगळे मला बोलवायचे. प्रेसचा साचा, म्हणजे डाय, तडकली की बाकीच्यांना पत्रा फाटल्यावर कळायचं, मला ठोक्यावरून आधी कळायचं. इंजिनिअर यायचे विचारायला. आणि हा माणूस माझ्या कानात खोट काढतो! तोंडातून गेलं, "जन्मभर स्टोअरला बसून नट-बोल्ट वाटणाऱ्याला सुरातलं काय कळतंय!"

पिंकी आतून बाहेर आली. उद्धवरावांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच. चप्पल घातली आणि गेले.

१८ जानेवारी, शनिवार

तीन वाजता दोन कप काढले. एक परत ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

चार दिवस झाले, उद्धवराव नाहीत. जिन्यात भेटले तर रेलिंगकडे बघत उतरले.

पिंकीने आज माझ्यासमोर फोन ठेवला. "आबा, आवाज बारीक बारीक होत जाईल. ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा." ठेवलं. मग बंद झाला म्हणून खाली घेतलं. तिच्याकडे बघितलं तर तिचं बोट वरच. बराच वेळ वर. तिचे डोळे भरले, तशीच बोट वर धरून बसली.

मग मला समजलं.

२३ जानेवारी, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे. तरुण मुलगी आहे, नीट बोलते. काचेच्या खोलीत बसवलं. कागदावर रेघ काढून दाखवली. इथपर्यंत ठीक, मग कडा तुटल्यासारखी खाली.

"प्रेस शॉप? किती वर्षं?"

तेहतीस.

"कानात बोळे दिले नव्हते?"

दिले होते. पेटीभर दिले होते. पण बोळे घातले तर डायचा आवाज कसा कळणार? आम्ही जुने लोक ते खिशात ठेवायचो आणि सुपरवायझर आला की घालायचो. नव्या पोरांना सांगायचो, कान उघडा ठेवा, काम कानाने होतं. किती जणांना सांगितलं असेल मी हे! आज कुठे असतील, काय ऐकत असतील.

मशीन लावू म्हणाली, बोलणं स्पष्ट होईल. बारीक सुरांचं विचारलं. "काका, जे गेलंय ते परत येत नाही."

२५ जानेवारी, शनिवार

बाईंना लिहिलं. "ताई, ओळ तुम्ही गाळली नव्हती. चूक माझ्या कानांची. माफी असावी." संध्याकाळपर्यंत सतरा जणांनी खाली हृदयं टाकली. कुठली कुठली माणसं!

उद्धवरावांना मला असं लिहून टाकता येत नाही. भिंतीपलीकडच्या माणसाला काय लिहायचं?

२८ जानेवारी, मंगळवार

पिंकीने अक्कल लढवली. बाईंचं वाजवणं कुठल्याशा अ‍ॅपमधून खालच्या पट्टीत आणलं. "आबा, आता ऐका!" पेटीचा रेडा झालाय, पण ऐकू आलं. पहिली ओळ. दुसरी. मी डोळे मिटले. तिसरी...

ती नव्हे.

बाईंची तिसरी ओळ एकदम वरच्या सुरावर सुरू होते, पण तिथून खाली उतरते. शांत, छान, पण खाली. आमची वर चढायची. शब्दच तसे, शेंड्यावरती! गुरुजींनी ती ओळ स्वतः बदलली होती, आमच्या निंबासाठी. म्हणजे ती जगात कुठल्याच व्हिडिओत नाही. गुरुजी कधीच गेले. वर्गातल्यांपैकी शेवटचा विठोबा, तोही परवाच्या दिवाळीत गेला. उरलो मी, आणि मलाच आठवत नाही.

पिंकीला म्हटलं, "हीच गं, हीच." बिचारी किती खूष झाली.

२९ जानेवारी, बुधवार

गेलो. नातीसमोर खोटं बोलता येतं, पण तीन वाजता रिकाम्या खुर्चीसमोर बसता येत नाही.

उद्धवरावांचं दार त्यांच्या बायकोने, कौशल्यावहिनींनी उघडलं. माझी बायको गिरजा गेल्यापासून, चार वर्षं झाली, वहिनी आमच्या घरात आल्या नाहीत. ती नसलेलं घर बघवत नाही, असं उद्धवराव म्हणतात. मीही मग कधी आग्रह केला नाही. जिन्यात मान हलवायची, एवढंच.

"झोपलेत," म्हणाल्या. आत टीव्ही चालू होता. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. कान गेलेत. उद्धवराव बरोबर होते. बोललो ते वाईट बोललो. आणि मग कसं कुणास ठाऊक, कवितेचंही बोललो. चारही ओळी म्हणून दाखवल्या, पहिल्या दोन चालीत. तिसरीची चाल गेली वहिनी, म्हटलं, आता ती कुणाकडेच नाही.

वहिनी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. मला फार लाज वाटली. म्हातारा माणूस लोकांच्या दारात शाळेची कविता म्हणतोय!

३१ जानेवारी, शुक्रवार

उद्धवराव आले. तीन वाजता. बसले, म्हणाले, "साखर कमी टाका." एवढंच. व्हिडिओ लावला नाही, पण या वेळी कप रिकामा करून गेले. बरं वाटलं. पण घर फार शांत वाटतंय. आता शांततेचाही भरवसा राहिला नाही, तिच्यात काय काय वाजत असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

बेल मला ऐकू आली नाही. पिंकीने दार उघडलं आणि मला हाक मारली. दारात कौशल्यावहिनी! एका हाताने चौकट धरलेली, दम लागलेला.

"भाऊजी, चार दिवस झाले, मनात म्हणून बघायलेय. जमली आता. आमची गिरजा तांदूळ निवडताना म्हणायची की ती. रोजच. मी म्हणायची, काय गं सारखं शेंड्यावरती, शेंड्यावरती! तर म्हणायची, नवीन लग्न झालं तवा ह्यांनी शिकवली."

मी शिकवली? मला काही म्हणजे काही आठवेना.

वहिनींनी तिथेच, बाहेर उभ्या राहून, आपल्या जाड्या आवाजात म्हटली. वर चढली. तीच! माझी मान आपोआप वर झाली.

सत्तेचाळीस वर्षं गिरजा या घरात ती गात होती. मला एकदाही ऐकू आली नाही.

म्हटलं, वहिनी, आत या. त्या आल्या.