आलेखातलं टेंगूळ

मंगळवार, दिवेलागण. आंबिवली.

वहीबाई, फार दिवसांनी आलो, रागावू नकोस. जिवाला घोर लागला की तूच आठवतेस.

नात मुग्धा रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. काल जेवताना म्हणाली, "आजोबा, माझा नमुना बिघडलाय बहुतेक." सूनबाई लगेच म्हणाली, "नमुन्याच्या हातात नमुना, बिघडणारच!" हसलो, मग विचारलं, म्हणजे काय गं?

तिने आलेख दाखवला. पदार्थ नळीत भरून यंत्रात ठेवला की आत काय काय आहे, त्याची टोकं कागदावर उमटतात म्हणे. सगळी टोकं बरोबर, फक्त कडेला एक नको असलेलं टेंगूळ. नळी ज्याने धुतली तो द्रव आत राहिला असेल तर ठीक. नाहीतर तिचा पदार्थच अशुद्ध, म्हणजे वर्षभराचं काम पुन्हा. बरोबरचा एक जण म्हणाला, तेवढी कड कापून टाक, कोण बघतंय? मीही तेच म्हटलं असतं. एवढंसं तर टेंगूळ!

"मला दिसलंय ना, आजोबा," म्हणाली आणि भात कालवू लागली.

आज कोरड्या नळीत भरून पुन्हा तपासणार. त्याआधी सरांना तो जुना आलेखही स्वतःहून दाखवणार. मी सातवी शिकलेला. हे बळ कॉलेजात शिकवतात की पोरीचं मूळचंच?

अजून फोन नाही. सूनबाई म्हणते, "बाबा, फोनकडे बघून टेंगूळ जात नाही."

मुग्धे, गेलं की राहिलं, तेवढं कळव गं. राहिलं असलं तर जास्तच लवकर कळव.