दोन ओळींचा क्रम

डोंबिवली (पूर्व),
७ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस,
उत्तराचा शि. सा. नमस्कार.

शेवंतीताईकडे सगळे मजेत. मी मात्र संतापलेली आहे, म्हणून आधी तेच लिहिते. कॉम्प्युटर क्लासच्या डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात दहा मार्कांच्या प्रश्नाला सरांनी मला भोपळा दिला. का, तर त्यांनी उतरवून दिलेल्या प्रोग्रॅमच्या दोन ओळी मी उलट क्रमाने लिहिल्या!

तुम्हाला लगेच कळेल. लिंक्ड लिस्ट म्हणजे नावांची यादी, पण प्रत्येक नावाकडे फक्त आपल्यानंतरच्या नावाचा पत्ता. आपल्या खाडीत होड्या एकीमागे एक बांधतात, तशी. मधे नवी होडी घालायची तर मागचीचा दोर आधी नवीला बांधायचा, मगच पुढचीपासून सोडायचा. तुम्हीच शिकवलंत. सरांच्या नोट्समध्ये दोर आधी सोडलाय. मागच्या होड्या गेल्याच ओहोटीबरोबर! मी उभी राहून हे सांगितलं, तर सर म्हणाले की मासळीबाजारातली अक्कल इथे चालायची नाही. अख्खा वर्ग हसला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यामुळे मी तीन मार्कांनी नापास. सर्टिफिकेट नाही तर वागळे इस्टेटच्या कंपनीतली नोकरी नाही, आणि ते लोक फक्त एक मार्चपर्यंत थांबणार आहेत. काय करू, सांगा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
उत्तरा

बाळकुम,
१० फेब्रुवारी

चि. उत्तरा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई सरांच्या नावाने बोटं मोडते आहे. मलाही राग आला. पण पोरी, सर्टिफिकेट त्यांच्या हातात. आपल्या घरातून ऑफिसात बसणारी तू पहिली, हे विसरू नकोस. माफीचं पत्र लिही, ते सांगतील तसं उत्तर दे आणि पास हो. मीही कितीदा गप्प बसलोय, त्याने काही मेलो नाही. खोकला गेला का? काढा घे, नखरे करू नकोस.

तुझे,
बाबा

डोंबिवली,
२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
नमस्कार, पण रागाने.

गप्प बस म्हणून तुम्ही लिहावं? तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही.

शनिवारी आमचा मशीनचा तास असतो. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत गेले, सरांच्या ओळी जशाच्या तशा टाईप केल्या आणि वर्गाच्या यादीत मधे माझं नाव घातलं. पहिली पाच नावं आली, आणि मग उत्तरा, उत्तरा, उत्तरा, थांबेचना! नवं नाव स्वतःलाच बांधलं गेलं. माझ्यानंतरची सगळी नावं गायब. मग माझा क्रम लावला. यादी शेवटपर्यंत सुरळीत. सर मागे उभे होते. मशीनमध्ये व्हायरस आहे म्हणाले आणि बटण बंद केलं.

तरी तुमच्या सांगण्यावरून काल माफीचं पत्र घेऊन गेले. टेबलावर नव्या बॅचच्या झेरॉक्स नोट्स होत्या. बाबा, त्यात माझ्या ओळी आहेत, माझ्या क्रमाने! वर सरांचं नाव. आणि माझ्या पेपरवर अजून शून्यच. पत्र तसंच परत आणलं, नोट्सची एक प्रत मागून घेतली. आता मी माफी मागणार नाही. रागवायचं तर रागवा, पण माया पातळ करू नका.

आपली,
उत्तरा

बाळकुम,
२५ फेब्रुवारी

चि. उत्तरा हिस आईबाबांचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. तू चुकली असतीस तर माफी माग असं आजही सांगितलं असतं. पण उत्तर तुझं, शून्य तुला आणि नाव त्यांचं? ही कुठली रीत?

सोमवारी होडी काढत नाही. नऊच्या आत क्लासवर येतो. आवाज चढवणार नाही, आईला तसा शब्द दिलाय. पण तुला बोलले ते वर्गासमोर, तर विचारणारही वर्गासमोरच, तुझा पेपर आणि त्यांच्या नोट्स शेजारी शेजारी ठेवून. मार्क दिले तर ठीक. नाही दिले, तर तिथून आपण दोघं वागळे इस्टेटला जाऊ. मशीन त्यांच्याकडेही असेल, चालवून दाखव.

आणि ते माफीचं पत्र मी यायच्या आत फाडून टाक. माझ्या सांगण्यावरून तुला ते लिहावं लागलं, याची मला लाज वाटते.

तुझे,
बाबा