मुई मावशींच्या नावावर निघालेलं रक्त माझं असल्याबद्दल

प्रति,
मा. प्रमुख डॉक्टर,
प्रभाग आरोग्य केंद्र,
कालव्याकाठचा रस्ता.

विषय : मुई मावशींसाठी ठरलेली गुरुवारची आतड्याची दुर्बीण-तपासणी मला मिळण्याबाबत.
संदर्भ : प्रभागाच्या भोंग्यावरची सोमवार सकाळची घोषणा.

महोदया,

मी, दो वान खिएम, बाजाराच्या तोंडाशी पंखे दुरुस्त करतो. अर्ज करतो की,

१. माझे थोरले बंधू ख्वात यांना एक्कावन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता बरे आहेत, आल्यागेल्याला सदरा वर करून टाके दाखवतात. तेव्हाच शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सख्ख्या भावंडांनी पन्नाशीची वाट बघायची नाही. चाळिशीतच तपासून घ्या." मी मान डोलावली आणि पंखे दुरुस्त करत बसलो.

२. यंदा तेतचा, म्हणजे नववर्षाचा, सण उरकल्यावर भोंग्यावर पुकारा झाला, की पन्नाशीच्या पुढच्यांना शौच-तपासणीची डबी फुकट. मी धावत आलो. आपल्या परिचारिका थम ताईंनी ओळखपत्र पाहिलं. त्यावर मी सेहेचाळीस, कारण वडिलांनी जन्माची नोंद दोन वर्षं उशिरा केली. मी म्हटलं, "ताई, आईच्या पोटातलं वर्ष धरून घरच्या हिशोबाने मी एकोणपन्नासचा आहे." त्या म्हणाल्या, "खिएमदादा, पोटातल्या वर्षाला सरकारी डबी नसते. चार वर्षांनी या." भावाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "ते मोठ्या हॉस्पिटलात सांगा. इथे फक्त वय बघतात."

मोठ्या हॉस्पिटलात जातो म्हणालो, तर आई दारात आडवी. "एकोणपन्नास सरत नाही तोच त्रेपन्न दारात, असं आपल्यात उगीच म्हणतात का? वाईट वर्षं आहेत. त्यात हा आतडं दाखवायला निघालाय. त्रेपन्न उलटू दे." म्हणजे तिचीही चार वर्षंच. सरकार आणि आमची आई यांचं एकमत मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

३. शेजारच्या मुई मावशी वयाने बहात्तर, नूडल्स-सूपची गाडी लावतात. त्यांची डबी कोरीच पडून होती. "जन्मभर झाकून ठेवलं ते आता त्या पोरीच्या हातात देऊ? तूच भर बाबा, नाहीतर डबी दिली नाही म्हणून भोंग्यावर माझं नाव येईल." मी भरली. नाव त्यांचं, माल माझा.

४. भोंग्यावर नाव आलंच. "श्रीमती मुई यांच्या नमुन्यात रक्त आढळलं आहे. त्यांनी गुरुवारी दुर्बिणीसाठी यावं." दुपारपर्यंत गाडीवर गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि घरी लोक पपया घेऊन सांत्वनाला आले. मावशी मला म्हणाल्या, "मेल्या, आतडं तुझं नासलं आणि बदनाम माझं सूप."

५. मी थम ताईंकडे येऊन सगळं कबूल केलं. त्यांचं म्हणणं, रक्त मुईबाईंच्या नावावर चढलंय, ते आता उतरत नाही. शिवाय माझं वय बसत नाही. म्हणजे गुरुवारी ठणठणीत म्हातारीच्या आतड्यात दुर्बीण जाणार, आणि रक्तवाला पंख्याखाली बसणार.

६. रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, हे मला कळतं. पण ख्वातदादा म्हणाला, "मलाही आधी रक्तच दिसलं होतं. मूळव्याध म्हणत मी वर्ष घालवलं." हे म्हणताना त्याने सदरा वर केला नाही. तेव्हा मी घाबरलो. आई ऐकत होती. ती म्हणाली, "वाईट वर्षात शोधायला जाऊ नये. पण आपणहून समोर आलं तर बसूनही राहू नये. जा."

तरी विनंती, की गुरुवारची जागा मला द्यावी. मावशींची हरकत नाही. त्यांनी आता स्वतःची डबी स्वतः भरली आहे. "तुझं निघालं, माझंही एकदा बघू दे," म्हणाल्या. फक्त त्यांचं सूप निर्दोष असल्याचं भोंग्यावर जाहीर व्हावं, एवढं त्यांचं मागणं आहे.

शेवटचं. आतडं साफ करायची जी पूड आपण मावशींच्या घरी पाठवली होती, ती आज सकाळी मी घेतली आहे. निर्णय त्वरित व्हावा. आज मला रांगेत उभं राहणं जमण्यासारखं नाही.

आपला नम्र आणि घाईतला,
दो वान खिएम
बुधवार, सकाळ

सोबत : मुई मावशींची डबी, या खेपेला खरी. झाकण घट्ट आहे.